संजय उवाच

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. गीताजयंतीचा हा पुण्यदिवस. मोक्षदा एकादशी या नावाने परिचित असलेल्या या तिथीला पोथीवरचे रेशमी वस्त्र सुटते, देवापुढे समई उजळते आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मुखाने अठराही अध्यायांचे पारायण होते. ज्यांना तेवढी सवड नसते ते निदान बारावा आणि पंधरावा अध्याय म्हणून एकादशी साजरी करतात. भिंतीवरच्या तसबिरीला हार पडतो. त्या तसबिरीत शुभ्र घोड्यांचा रथ असतो, सारथ्य करणारे भगवान असतात आणि हात जोडून बसलेला अर्जुन असतो. सांगणारा आणि ऐकणारा अशा दोघांचेच दर्शन घेऊन आपण कृतकृत्य होतो.

परंतु हा संवाद ज्याच्या वाणीतून तुमच्याआमच्यापर्यंत आला तो तिसरा पुरुष त्या तसबिरीत नसतो. पारायणाच्या ओघात ‘संजय उवाच’ हे दोन शब्द आपण किंचित घाईने उच्चारतो आणि पुढे जातो. बाराव्या व पंधराव्या अध्यायांत तर त्याचा एकही श्लोक नाही; म्हणजे जे केवळ तेवढेच पठण करतात त्यांची आणि संजयाची वर्षानुवर्षे भेटच होत नाही. वास्तविक संपूर्ण गीता हे संजयाने धृतराष्ट्राला केलेले निवेदन आहे. भगवंतांचे ५७४ श्लोक आपण ऐकतो ते संजयाच्या मुखाने आणि अर्जुनाचा विषादही ऐकतो तो त्याच्याच मुखाने. स्वतःच्या नावावर मात्र त्याने सातशेंतील जेमतेम चाळीस श्लोक ठेवले. कथा सांगणाऱ्याने स्वतः किती बोलावे आणि कोठे गप्प बसावे याचा असा आदर्श शोधूनही सापडणार नाही.

आपल्या परंपरेत कथा कधीच निराधार येत नाही. ती कोणीतरी कोणालातरी सांगितलेली असते. नैमिषारण्यात शौनकांच्या द्वादशवार्षिक सत्रात लोमहर्षणाचा पुत्र उग्रश्रवा सौती महाभारत सांगतो. त्याने ते ऐकले जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांच्या मुखातून. आणि वैशंपायनांना सांगण्याची आज्ञा केली ती तेथेच उपस्थित असलेल्या व्यासांनी. वाल्मीकींची रामकथा कुश आणि लव गातात, ती प्रत्यक्ष श्रीरामांसमोर. भागवत शुकाचार्यांनी परीक्षितीला सांगितले, आणि त्या श्रोत्यापाशी आयुष्याचे अवघे सात दिवस उरले होते. या सर्व वक्त्यांचे भाग्य असे, की त्यांना ऐकू इच्छिणारा श्रोता लाभला. संजयाच्या वाट्याला आला तो धृतराष्ट्र.

हा संजय गवल्गणाचा पुत्र, म्हणून त्याला गावल्गणी असेही म्हणतात. जातीने सूत, धृतराष्ट्राचा सारथी, मंत्री आणि विश्वासू. राजाच्या अन्नावर वाढलेल्या माणसाने राजाला सत्य सांगावे कसे, ही अडचण त्याच्यापुढे युद्धाच्या आधीच उभी राहिली होती. उद्योगपर्वात धृतराष्ट्राने त्याला पांडवांकडे उपप्लव्य नगरीत दूत म्हणून पाठविले. निरोप मोठा विलक्षण होता. राज्याचा वाटा देण्याचा शब्द त्यात नव्हता, आणि शांतता मात्र पांडवांनी राखावी अशी अपेक्षा होती. संजयाने तो निरोप इमानाने सांगितला, युधिष्ठिराचे व श्रीकृष्णांचे उत्तर तितक्याच इमानाने ऐकून घेतले आणि तो हस्तिनापुरास परतला. पोहोचला तेव्हा रात्र झाली होती. त्याने राजाची भेट घेतली, युधिष्ठिराचे कुशल कळविले, आणि मग धृतराष्ट्राच्या वागण्याची स्पष्ट शब्दांत निंदा केली. पांडवांचा निरोप मात्र त्याने त्या वेळी सांगितला नाही. रथाच्या प्रवासाने आपण शिणलो आहोत, आता विश्रांतीची अनुज्ञा द्यावी, उद्या भरसभेत सर्व कौरवांच्या समक्ष युधिष्ठिराचे शब्द ऐकवीन, असे म्हणून तो निघून गेला.

त्या रात्री धृतराष्ट्राला झोप लागली नाही. त्याने विदुराला बोलावून घेतले आणि त्या जागरणातून विदुरनीती जन्मास आली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या जागरणाचे कारण संजयाने राखलेली एक मर्यादा होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. स्वतःचे मत त्याने राजाला एकांतात दिले. दुसऱ्याचा निरोप मात्र ज्यांच्यासाठी होता त्या सर्वांपुढेच उघड केला. एकांतात सांगितलेला निरोप राजाने झाकून ठेवला असता, वळविला असता, सौम्य केला असता. निरोप्याने ती संधीच राहू दिली नाही.

यानंतर भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्राकडे येतात. युद्ध पाहावयाचे असेल तर दृष्टी देतो, असे ते म्हणतात. जन्मभर अंधारात राहिलेल्या त्या वृद्धाला डोळे मिळत होते. परंतु आप्तांचा संहार पाहण्याची इच्छा नाही, तो ऐकावा एवढीच इच्छा आहे, असे उत्तर त्याने दिले. पाहण्यापेक्षा ऐकणे सोसवेल, असे त्याला वाटले असावे. तेव्हा व्यासांनी संजयाला वर दिला. उघड घडलेले आणि गुप्तपणे घडलेले, दिवसाचे आणि रात्रीचे, इतकेच नव्हे तर योद्ध्यांच्या मनात आलेले विचारही त्याला कळतील. शस्त्रे त्याला छेदणार नाहीत. श्रम त्याला बाधणार नाहीत. आणि या युद्धातून तो जिवंत बाहेर पडेल.

या वरातील शस्त्रांचा उल्लेख ध्यानात घेण्याजोगा आहे. राजवाड्यात बसून राहणाऱ्याला शस्त्रांपासून अभय कशाला हवे होते?

प्रश्न भूतकाळात आहे

संजय हस्तिनापुरात धृतराष्ट्राशेजारी बसून रणांगणाकडे दिव्यदृष्टी लावून आहे आणि क्षणाक्षणाचा वृत्तान्त सांगत आहे, हे चित्र आपल्या मनात पक्के ठसलेले आहे. दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ पासून रविवारी सकाळी जी ‘महाभारत’ मालिका दाखविली गेली, तिच्यामुळे तर ते घराघरांत अधिकच दृढ झाले. हे चित्र हृद्य आहे आणि त्याला भक्तिवाङ्मयाचा आधारही आहे. तथापि महाभारताची संहिता काय सांगते हे उकलून पाहिले तर अंगावर काटा उभा राहतो.

प्रचलित पाठानुसार गीतेचा आरंभ भीष्मपर्वाच्या २५ व्या अध्यायात होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत तो २३ व्या अध्यायात येतो. त्याच्या कितीतरी आधी, प्रचलित पाठाच्या १३ व्या अध्यायात, संजय रणभूमीवरून एकाएकी परत येतो आणि विचारमग्न बसलेल्या धृतराष्ट्राला पहिलीच वार्ता देतो, ती भीष्म पडल्याची. युद्धाचे दहा दिवस संपलेले आहेत. कुरुकुलाचा आधारस्तंभ शरपंजरी पडला आहे. धृतराष्ट्र विलाप करतो, प्रश्नांवर प्रश्न विचारतो, दुर्योधनाच्या दुर्बुद्धीला बोल लावतो. संजय त्याला तेथेच अडवितो. आपल्याच दुर्वर्तनाचे फळ भोगताना दोष दुर्योधनाच्या माथी मारू नये, असे तो वृद्ध राजाला बजावतो; व्यासांना वंदन करतो; आणि मग पहिल्या दिवसापासून सारे क्रमाने सांगू लागतो. त्या कथनात, पहिल्या दिवसाच्या प्रभाती, गीता येते.

आता गीतेचा पहिला श्लोक पुन्हा मनात म्हणून पाहावा. धर्मक्षेत्रावर माझ्यांनी आणि पांडूच्या पुत्रांनी काय केले, असा धृतराष्ट्राचा प्रश्न आहे. ‘काय करीत आहेत’ असा तो नव्हे. ‘अकुर्वत’ हे क्रियापद भूतकाळाचे आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीसही संजय तो संवाद आणि ते विश्वरूप पुनःपुन्हा ‘आठवून’ हर्षित होत असल्याचे सांगतो. डोळ्यांपुढे घडत असलेल्याचे कोणी स्मरण करीत नाही. अर्थात सातशे श्लोकांची ही गीता भीष्मांच्या पतनाची बातमी ऐकून हादरलेल्या, पण अजून द्रोण, कर्ण आणि शंभरातील पुष्कळ पुत्र हाताशी असलेल्या एका पित्याला सांगितली गेली.

पुढेही हीच रीत राहिली. भीष्म, द्रोण, कर्ण आणि शल्य या चारही पर्वांत संजय येतो तो सेनापतीच्या मृत्यूची वार्ता घेऊन, आणि त्यानंतर त्या मृत्यूपर्यंतचा वृत्तान्त उलगडतो. कर्णवधाची वार्ता ऐकून धृतराष्ट्र मूर्च्छित पडतो आणि अंतःपुरात स्त्रियांचा आक्रोश होतो. अठराव्या दिवसानंतर संजय नगरात शिरतो तेव्हा तो बाहू उंचावून रडत आहे. ज्याने इतके दिवस राजाला सावरले त्याचे हे रडणे महाभारतकारांनी लपविलेले नाही. निवेदकाला अंतःकरण नसते असा समज करून घेण्याचे कारण नाही.

तो रणात होता याचा पुरावाही शल्यपर्वातच मिळतो. कौरवसेनेचा नाश झाल्यावर सात्यकीने त्याला पकडले. शस्त्र उगारले गेले. त्याच क्षणी व्यास तेथे प्रकट झाले आणि त्याला सोडून देण्यास त्यांनी सांगितले. शस्त्रांपासूनचे अभय कशासाठी होते, ते येथे कळते. मोकळा झालेला संजय नगराकडे निघाला असता वाटेत त्याला एकटा, जखमी दुर्योधन भेटला. डोळ्यांत अश्रू आल्यामुळे त्याला समोर कोण आहे हेही धड दिसत नव्हते. आपण डोहात शिरून लपत आहोत, हे पित्याला सांग, असा निरोप त्याने दिला, आणि एका पुत्राचा पित्यासाठीचा तो निरोपही संजयाने पोहोचविला. पुढे सौप्तिकपर्वात दुर्योधनाच्या प्राणांबरोबर संजयाची दिव्यदृष्टीही गेली. ती वस्तू त्याची नव्हतीच. कामापुरती मिळाली होती.

गप्प बसण्याचे सामर्थ्य

गीतेच्या पहिल्या अध्यायात संजय बराच बोलतो. शंखांची नावे सांगतो, कोणी कोणता शंख फुंकला ते सांगतो, अर्जुनाची नजर कोणाकोणावरून फिरली ते सांगतो. दुसऱ्या अध्यायात अर्जुनाचे डोळे अश्रूंनी भरल्याचे सांगतो आणि भगवान जणू हसत बोलू लागले एवढी सूचना देतो. हे ‘जणू हसत’ काय आहे यावर आचार्यांनी आणि टीकाकारांनी पुष्कळ लिहिले. संजयाने मात्र एका शब्दावर आणखी एकही चढविला नाही. आणि त्या दहाव्या श्लोकानंतर तो जो बाजूला होतो, तो थेट अकराव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकापर्यंत. कर्मयोग झाला, ज्ञान झाले, ध्यान झाले, राजविद्या झाली, विभूती झाल्या. निवेदक मध्ये एकदाही डोकावला नाही. ‘आता पुढे भगवान फार महत्त्वाचे सांगत आहेत, महाराज’ असे एकदाही म्हणाला नाही. आजकाल चार वाक्यांच्या सुभाषितालाही पाच वाक्यांची प्रस्तावना जोडण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याच्या शेजारी हे मौन ठेवून पाहावे.

तो पुन्हा बोलतो तो नेमका कोठे? जेथे बोलणाऱ्या दोघांनाही बोलता येत नाही तेथे. विश्वरूप प्रकट झाले आहे. भगवान दाखवीत आहेत, अर्जुन स्तब्ध झाला आहे. ऐकणाऱ्या अंध राजाला काही दिसणे शक्य नाही. त्या ठिकाणी निवेदकावाचून गत्यंतर नाही, म्हणून संजय पुढे येतो. आकाशात एकाच वेळी सहस्र सूर्य उगवले तर, ही जगप्रसिद्ध उपमा अर्जुनाची किंवा भगवंतांची नव्हे, ती संजयाची आहे. ज्याने आयुष्यात एकही सूर्योदय पाहिला नाही अशा माणसाला त्याने सहस्र सूर्यांची उपमा दिली, याचा विचार करीत बसले म्हणजे मन थबकते. राजाला त्यातून काय उमगले असेल? कदाचित काहीच नाही. परंतु त्या उपमेचे श्रोते पुढे आपण होणार होतो.

नेवाशाच्या मंदिरात

संस्कृत गीतेत धृतराष्ट्र एक श्लोक बोलतो आणि नंतर कायमचा गप्प होतो. हे ऐकून त्याला काय वाटले ते व्यास सांगत नाहीत. ती पोकळी ज्ञानदेवांच्या दृष्टीला दिसली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेव स्वतः वक्ते. समोर निवृत्तिनाथ आणि संतसभा. श्रोता कसा असावा हे त्यांना अंतरीचे ठाऊक होते. नवव्या अध्यायाचा आरंभच ते श्रोत्यांकडे अवधानाचे दान मागून करतात. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, जणू तराजूच्या दुसऱ्या पारड्यात, ते धृतराष्ट्राला आणून बसवितात.

ते वर्णन मुळातून वाचावे असे आहे. राजविद्येचा एवढा वर्षाव झाला, संजय कथन करून थांबला, आणि पाहतो तो म्हातारा निश्चल. पुराच्या पाण्यात बसलेली म्हैस जशी उठत नाही तसा. संजय खेदाने मान डोलावतो. येथे अमृताचा पाऊस पडून गेला आणि हा येथे असूनही शेजारच्या गावाला गेल्यासारखा बसला आहे, असे त्याच्या मनात येते. पण लगेच त्याला स्मरते की हा आपला अन्नदाता आहे. असे उघड बोलून वाणी विटाळावी हे बरे नव्हे. याचा स्वभावच असा, त्याला कोण काय करणार. आणि नंतर संजयाच्या मनात जो विचार येतो तो केवळ ज्ञानदेवांनाच सुचावा: माझे भाग्य केवढे, की वृत्तान्त सांगण्याच्या निमित्ताने व्यासांनी माझे रक्षण केले! एवढे म्हणेपर्यंत त्याला सात्त्विक भाव आवरेनासे होतात, चित्त थक्क होते, अंगावर रोमांच उठतात, वाणी जागच्या जागी थिजते.

कथन कोणासाठी असते, हा प्रश्न या प्रसंगाने उलटाच केला आहे. व्यासांनी दृष्टी दिली ती धृतराष्ट्रासाठी. तिचा लाभ झाला सांगणाऱ्याला. कोणी म्हणेल, मग श्रोत्याची गरज काय? पण धृतराष्ट्राने विचारले नसते तर संजयाला सांगण्याचे निमित्तच उरले नसते. श्रोता कोरडा राहिला तरी त्याच्यापुढे बसणे वक्त्याला चुकत नाही.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव पुन्हा या दोघांना समोरासमोर आणतात. संजय आनंदाने विव्हळ झाला आहे आणि राजा त्रासून विचारतो, तुला व्यासांनी येथे बसविले ते कशासाठी, आणि हे अवेळी काय बोलतोस? जय कोणाचा होणार ते सांग. राजाच्या जवळ बसलेल्या संजयाचे लोकमानसातले चित्र येथेही आहे, आणि ते किती अर्थपूर्ण आहे ते या संवादात दिसते. एकाला संवादाचा आनंद झाला आहे आणि त्याच्या हातभर अंतरावरच्या दुसऱ्याला केवळ निकाल हवा आहे.

संजयाने निकाल सांगितला नाही. त्याने मत सांगितले. गीतेच्या शेवटच्या श्लोकाचे शेवटचे दोन शब्द ‘माझे मत’ या अर्थाचे आहेत, आणि ग्रंथाचा अगदी अंतिम शब्द ‘मम’ हा आहे. पहिल्या श्लोकात धृतराष्ट्राने ‘मामकाः’ म्हटले होते. आपले पुत्र ते ‘माझे’ आणि भावाचे पुत्र ते पांडव, अशी वाटणी त्याने एका शब्दात केली होती. शेवटच्या श्लोकात संजयानेही ‘माझे’ म्हटले, पण स्वतःचे म्हणून त्याने फक्त मत ठेवले. योगेश्वर कृष्ण आणि धनुर्धर पार्थ जेथे आहेत तेथेच श्री, विजय, वैभव आणि नीती, हे ते मत. ते त्याने शत्रुपक्षाच्या राजाला, त्याच्याच वाड्यात, त्याचा सेवक असताना ऐकविले. युद्धाचे आठ दिवस अजून बाकी होते. द्रोण उभे होते, कर्ण नुकताच शस्त्र घेऊन रणात उतरावयाचा होता, जय कोणाचा हे कोणालाही शपथपूर्वक सांगता आले नसते. सातशे श्लोक दुसऱ्यांचे शब्द प्रामाणिकपणे पोहोचविल्यावर हा एक श्लोक त्याने स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारला, आणि तो पुन्हा रणभूमीकडे गेला.

वक्त्याची महाराष्ट्रातील घराणी

आपल्याकडे पुराणिक पोथीपुढे बसून सांगतो आणि हरिदास उभा राहून. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान. मध्ये बुक्का, हार, क्षणभर नामघोष. आख्यान रंगले की बुवा द्रौपदी होतात, दुःशासन होतात, पुन्हा बुवा होतात, आणि हे सारे नेसत्या धोतर-उपरण्यावर. वारकरी कीर्तनात वीणेकरी आणि टाळकरी पाठीशी उभे असतात आणि निरूपणाला संतांचा अभंग घेतला जातो. त्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते ती नामदेवांची, तुकोबांची, जनाबाईंची. कीर्तनकार तासन्‌तास बोलतो, पण मुद्रा स्वतःची लावीत नाही. संजयाच्या चाळीस श्लोकांचा हिशेब ज्याने मांडला त्याला या रीतीचे मूळ कोठे आहे ते निराळे सांगावयास नको.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजींनी दर रविवारी एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. नेवाशास सच्चिदानंदबाबा, धुळ्यास साने गुरुजी. सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा राखणारा कोणीतरी महाराष्ट्राला दोन्ही वेळा लाभला.

आणि घरातली वक्ती तर आपण विसरूनच चाललो आहोत. श्रावणात हातात अक्षता घेऊन कहाणी सांगणारी आजी ही देखील याच परंपरेतली. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला आपली कहाणी ऐकणारा कोणी हवा असतो. ती मोळीविक्याला थांबविते, माळ्याला थांबविते, दुःखाने बुडालेल्या म्हातारीला थांबविते, आणि जो जो मनोभावे ऐकतो त्याचे त्याचे दैव पालटते. मोळीविक्याने रस्त्यात उभ्याउभ्या घटकाभर ऐकले आणि त्याचे कल्याण झाले; सिंहासनावरच्या धृतराष्ट्राने प्रत्यक्ष भगवंतांची वाणी अठरा अध्याय ऐकली आणि तो जेथे होता तेथेच राहिला. या दोन कथा शेजारी शेजारी ठेवाव्यात असे कोणाला कधी सुचले की नाही न कळे, पण माजघरातल्या कहाणीने श्रोत्याची जी पारख सांगितली आहे तिच्यापुढे राजसभा फिकी पडते.

हल्ली कथा यंत्रातून ऐकू येते. पहाटे बटण दाबले की गीतापाठ सुरू होतो आणि स्वयंपाकघरात कामे चालू राहतात. त्यात वावगे काही नाही. कानांवर पडलेले वाया जात नाही, अशी आपली श्रद्धा आहे. पण यंत्रापुढे श्रोता कोण आहे हे यंत्राला कळत नाही. म्हातारा पुरातल्या म्हशीसारखा बसला आहे, हे पाहून मान डोलावणारा कोणी तेथे नसतो. आजच्या दिवशी तरी घरातील एकाने अध्याय म्हणावा, दुसऱ्याने अर्थ सांगावा, मुलांनी मध्येच प्रश्न विचारून पाठात खंड पाडावा. ‘संजय उवाच’ आले की तेवढे दोन शब्द सावकाश म्हणावेत आणि मुलाने ‘हा कोण?’ असे विचारले तर त्याला वर सांगितलेली हकीकत सांगावी.

मूल पुढे विचारील, युद्ध संपल्यावर त्याचे काय झाले? स्त्रीपर्वात तो धृतराष्ट्राला सांत्वनाचे आणि कठोर सत्याचे असे दोन्ही शब्द ऐकवितो. पुढे धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात गेली तेव्हा संजयही बरोबर गेला. आता राज्य नव्हते, वेतन नव्हते, सांगण्यासारखी वार्ताही उरली नव्हती. तरी अंध राजाला खाचखळग्यांतून हाती धरून नेणारा तोच होता. एके दिवशी त्या अरण्यात वणवा पेटला. उपवासांनी क्षीण झालेल्या त्या तिघांना पळणे शक्य नव्हते. धृतराष्ट्राने संजयाला सांगितले, जेथे अग्नी पोहोचणार नाही तेथे तू जा. संजय व्याकूळ झाला. राजाला अशा अग्नीत मरण यावे हे त्याला सोसवेना. तपस्व्याला अग्नीने आलेले मरण वंद्यच आहे, असे राजाने त्याला समजाविले. जन्मभर ज्याने ऐकून काही घेतले नाही त्याच्या मुखी ते शांत शब्द ऐकून संजयाने त्याला प्रदक्षिणा घातली आणि मन योगयुक्त करावे अशी विनंती केली. राजाने ती मानली.

संजय त्या वणव्यातून निसटला. गंगेच्या तीरावर तापसांच्या मेळ्यात नारदांना तो दिसला. घडलेले सर्व त्याने त्या तापसांना सांगितले, त्यांचा निरोप घेतला आणि तो हिमालयाकडे निघून गेला. युधिष्ठिराला ही वार्ता सांगावयास हस्तिनापुरात आले ते नारद.